भाटाने न उघडलेलं पान

जीवनलालने १९९९ साली खर्रा सोडला आणि तेव्हापासून मला त्याचा संशय यायला लागला.

हसू नका. आमच्या गोंदियाकडे माणूस एक वेळ जेवण सोडेल, खर्रा सोडणार नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून पुढे केला आणि समोरच्याने नको म्हटलं, म्हणजे डॉक्टरने तरी त्याला घाबरवलेलं असतं, नाही तर घरी काही तरी भानगड झालेली असते. जीवनलालची तब्येत खणखणीत होती. घरी भानगड असती तर मला भिंतीतून ऐकू आली असती. माझ्या सायकलच्या दुकानापुढच्या बाकावर बसून तो शांतपणे म्हणाला, "नाई दादा, सोडला."

"काऊन गा?"

"असाच."

या 'असाच'ने माझं डोकं फिरलं. असंच काही होत नसतं. मी जन्मभर ट्यूबा पाण्यात बुडवून छिद्रं शोधत आलो आहे. हवा जात असेल तर कुठून तरी बुडबुडा निघतोच.

मी शालीकराम हरिणखेडे. दवनीवाड्याच्या थोडं अलीकडे आमचं पोवारांचं गाव. जीवनलाल माझा चुलतभाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आमचा आजा एकच, सुकराम. त्याचा थोरला मुलगा बकाराम म्हणजे माझा बाप, धाकटा बिसराम म्हणजे जीवनलालचा. एका अंगणात दोन घरं, मधे एक भिंत, विहीर सामाईक. घरी आम्ही पोवारी बोलतो, बाहेर झाडीबोली, गोंदियाला गेलो की हिंदी. माझं तिन्हीमधलं तोंड तिखट आहे, हे गाव सांगेल.

जीवनलालची बायको रामकली. भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, आमच्या बायका डोक्यावरून पदर ओढतात आणि त्याच्याशी थेट बोलत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून रामकली माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मी त्यांच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसलो की ती दाराआडून विचारायची, "विचारा, भासरे चहा घेतात का." विचारणारं कोणी नसलं तर भिंतीला विचारायची. मीही भिंतीलाच सांगायचो, "घेतो म्हना." आमचं असं बरं चाललं होतं.

जीवनलाल सातवी पास. चार एकर धान, दोन बैल आणि वाचायचं वेड. भज्याचा कागदसुद्धा आधी वाचणार, मग भजं खाणार. श्रावणात देवळात पोथी वाचायला गावाला त्याचाच आवाज लागायचा. खर्रा सोडला त्या वर्षीही त्याने वाचली. म्हणून कोणाला काही कळलं नाही. मला कळलं, कारण पाकिटं माझ्या दुकानात यायची.

आमच्या गल्लीचं सगळं टपाल पोस्टमन माझ्याच दुकानात टाकून जातो. त्यात महिन्याला एक जाडजूड खाकी पाकीट, जीवनलालच्या नावाचं. पाठवणाऱ्याचा पत्ता लांबच्या शहराचा. चार महिने मी धीर धरला. पाचव्या महिन्यात शेजारच्या टपरीवर जाऊन चहाच्या किटलीच्या वाफेवर पाकीट उघडलं. चूक केली, कबूल आहे. पण मला वाटलं होतं, आत काही तरी मोठं घबाड असेल. निघाली काय, तर परीक्षेची उत्तरपत्रिका! वीस प्रश्न, योग्य उत्तरावर खूण करा. विषय बायबल. वीसपैकी अठरा बरोबर, खाली लाल शाईने शाबासकी. बाप्पा रे, त्रेचाळीस वर्षांचा माणूस, ज्याच्या गोठ्यात बैल आणि घरात सोळा वर्षांचा पोरगा, तो टपालाने परीक्षा देत बसला होता.

पाकीट मी पंक्चरच्या सोलुशनने चिकटवून परत दिलं. संध्याकाळी तो आला आणि म्हणाला, "दादा, सोलुशन नोको लावत जाऊ. आतले कागद चिपकते. वाचाचं असन तं तसाच वाचून देत जाय."

रागावला असता तर बरं झालं असतं. रागावला नाही म्हणून माझा संशय दुप्पट झाला.

मग त्याने सगळं सांगितलं. कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर त्याची बस चुकली होती. तिथे केरळचा एक ड्रायव्हर ट्रक बंद पडून तीन दिवस अडकला होता. त्याच्याजवळ कोणी तरी दिलेलं मराठी पुस्तक होतं, त्याला वाचता येत नव्हतं. जीवनलालला कागद दिसला की राहवत नाही, हे तुम्हाला सांगितलंच. तो वाचायला बसला.

"अन् दादा, पहिल्याच पानावर भाटाची पोथी!" सांगताना त्याचे डोळे चमकत होते.

आता भाट म्हणजे काय ते सांगायला हवं. आमचे पूर्वज माळव्यातून आले. त्यांची वंशावळ सांभाळणारे भाट अजूनही सात-आठ वर्षांनी गावात येतात. लाल कापडात बांधलेली लांबट पोथी उघडतात आणि पार माळव्यापासून एकेक नाव वाचत खाली आणतात. कोणाच्या पोटी कोण, कोण कुठे जाऊन वसला, सगळं. मग लग्नाच्या वयाला आलेल्या पोरांची नावं चढवतात. सोयरीक जुळवताना जुने लोक हे आधी विचारतात. ज्याचं नाव भाटाच्या पोथीत नाही, त्याने कूळ कोणाला सांगावं?

तर त्या बायबलातल्या नव्या कराराचं पहिलं पान म्हणे असंच होतं. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, अशा बेचाळीस पिढ्या. दुसरा कोणी कंटाळून पान उलटेल. जीवनलाल पोवार, त्याला ते पान गोड लागलं. भाट ज्या घराण्याची इतकी नावं सांगतो ते घराणं खोटं नसणार, असं त्याने धरलं आणि पुढे वाचत गेला. ही चूक आमच्याच माणसाकडून होऊ शकते.

मी म्हटलं, "अन् मंग?"

"मंग वाचत गेलो. वाचून झालं तं खर्रा खावासा नाई वाटला."

मला हे पटेना. रविवारी तो सायकलने गोंदियाला जायचा, तर एकदा मीही मागून निघालो. मला वाटत होतं, गोरे साहेब असतील, गाडी असेल, कपडे वाटत असतील. पिठाच्या गिरणीमागे एक खोली निघाली. दहा-बारा माणसं, एक नर्सबाई, रेल्वेतून रिटायर झालेला एक म्हातारा, आणि ढोलकी. मला दारात पाहून नर्सबाईने आत बोलावलं आणि पोह्यांची बशी हातात दिली. पोहे बरे होते. पण पोह्यांसाठी कोणी एवढी सायकल हाणत नाही. येताना सगळ्या रस्त्याने मी विचार करत होतो की खरी गोष्ट हे लोक नक्की कुठे लपवत असतील.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं माझ्या दुकानात वाद चालला. गावाला करमणूक झाली. सायकल घेऊन आलेला माणूस काम झालं तरी हलायचा नाही. त्या पुस्तकातली माशाची गोष्ट काढून मी विचारायचो, "मासा मानसाले गिळते? तीन दिवस पोटात ठेवते? बोदलकशाच्या तलावात एवढे मासे निंगते, एकाच्या तरी पोटात पटवारी सापडला का?" सगळे खो खो हसायचे. जीवनलालही हसायचा आणि म्हणायचा, "मले नाई मालूम, दादा."

हे त्याचं आवडतं उत्तर. मला त्याचा भयंकर राग यायचा. वाद घालणाऱ्याने वाद घालावा ना! पण कधी कधी तो असं काही बोलायचा की पुढचं पंक्चर काढेपर्यंत मी त्यातच अडकायचो. एकदा मी म्हटलं, "लिवनारे येशूचेच चेले. चेले खोटं लिवतीनच."

तो म्हणाला, "खोटं लिवाचं असतं तं आपल्याच मोठ्या मानसाची फजिती कायले लिवली असती? सगळ्यात मोठा चेला पेत्र. त्यानं एका मोलकरणीच्या पुढं तीनदा सांगतलं का मी या मानसाले वळखत नाई. हे त्यायनं झाकलं काऊन नाई?"

"हुशार खोटं असंच असते," मी म्हटलं.

"मंग खरं कसं असते, दादा?"

मी त्याला पाना आणायला सांगितला.

गावात दुसरीच कुजबुज चालू होती. जीवनलालने धर्म बदलला, त्याला कोणी तरी पोसतंय, उद्या सगळ्या घराला घेऊन जाईल. कोणी विचारलं की तो म्हणायचा, नाव तेच आहे, घर तेच आहे, येशूला मानतो. अर्ध्या लोकांना वाटायचं तो लपवतो, अर्ध्यांना वाटायचं तो वेडा झाला. तो लपवतो, असं मानणाऱ्यांत मी पहिला.

२००८ साली गोष्ट लग्नापर्यंत आली. जीवनलालचा टिकेश पंचवीस वर्षांचा झाला होता. दवनीवाड्याच्या केवळराम कटरेंची रुचि त्याला पसंत पडली, तिलाही तो. पोरगी हसरी आणि कामाची होती. टिकेश तेव्हा दिवसातून दोनदा दाढी करायचा. पण केवळराम म्हणजे समाजाच्या बैठकीतला वजनदार माणूस. त्याने निरोप पाठवला. माघात भाट येतोय, चार जाणते बसतील, तेव्हा जीवनलालने सगळ्यांसमोर एवढंच म्हणावं की ते पुस्तक खोटं आहे. म्हटलं तर टिकेशचं नाव पोथीत चढेल आणि लगेच साखरपुडा. नाही म्हटलं तर सोयरीक नाही, नावही नाही. पण उगाच जबरदस्ती केली असं होऊ नये, म्हणून त्याला आधी बोलू द्यायचं. त्याने पुस्तक खरं आहे हे पटवून दिलं, तरीही मुलगी देऊ. प्रश्न विचारायला माणूस नेमला शालीकरामला.

मला, बरं का. मी फुगलो. जीवनलालकडून ते पुस्तक मागून आणलं आणि वाचायला बसलो. तोही भोळा, आपला चष्माही पुसून हातात देऊन गेला. पहिल्याच पानावर, त्याच्या त्या लाडक्या बेचाळीस पिढ्यांत, मला छिद्र सापडलं. काय आनंद झाला म्हणून सांगू! बैठकीपर्यंत मी कोणाला सांगितलं नाही.

भाट आला तो रीतीप्रमाणे जीवनलालच्या सपरीत उतरला, कारण आजाचं मूळ घर ते. म्हातारा भाट, पांढऱ्या मिशा, आवाज खणखणीत. बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी तो आणि जीवनलाल दोघंच पोथी उघडून बसलेले मी विहिरीवरून पाहिले. मला लगेच वाटलं, हा भाटाला फितवतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगण भरलं. केवळराम मधे बसला. टिकेश खांबाला टेकून उभा, दाराआड रामकली. भाटाने माळव्यापासून वाचायला सुरुवात केली. एकेक नावाला लोक माना डोलावत होते. सुकरामवर आल्यावर त्याने दोन पानं एकदम उलटली. बकाराम, बिसराम, त्यांची लेकरं, असं भरभर म्हणून थांबला. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

मग मी उभा राहिलो.

"जीवनलाल, तुह्या पुस्तकात दाऊद राजाच्या घराण्याच्या पिढ्या येशूच्या मायच्या नवऱ्यापर्यंत, योसेफापर्यंत लिवल्या हायेत. हव का नाई?"

"हव."

"अन् सगळ्या लिवून झाल्यावर तेच पुस्तक म्हनते का येशू योसेफाचा पोरगा नव्हताच. रक्ताचा नव्हता. हव का नाई?"

"हव, दादा."

"मंग बेचाळीस पिढ्या कायले मोजल्या बाप्पा? ज्याचं रक्तच नाई त्याच्या वंशाचं नाव लावते का कोनी? आमचा भाट असा लिवन तं आमी त्याले वेशीबाहेर काढू! दुसऱ्याचं पोरगं आणून कुळात बसवलं, हे कूळ झालं का फसवणूक झाली? याचं उत्तर दे, मी आज मान वाकवतो."

अंगण असं हसलं की विहिरीवरचे कावळे उडाले. केवळराम मांडीवर थाप मारून म्हणाला, "बोल आता!"

जीवनलालने तोंड उघडलं. मी अगदी समोर होतो, मी पाहिलं. शब्द त्याच्या ओठांवर आला होता. त्याने भाटाकडे पाहिलं. भाट मिशीवरून हात फिरवत जमिनीकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"मले नाई सांगता येत, दादा."

"मंग म्हन, पुस्तक खोटं हाये."

"ते बी नाई म्हनत."

केवळराम उठला. चहाला हात न लावता गेला, त्याच्यामागे जाणते गेले. भाटाने टिकेशचं नाव न लिहिता पोथी लाल कापडात बांधली. टिकेश बापासमोर येऊन उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "नऊ वर्षं वाचून राहिले ना तुमी? एक उत्तर नाई देता आलं माह्यासाठी?" पोरगा त्याच आठवड्यात कोहमाऱ्याला एका गॅरेजमध्ये कामाला लागला. रुचिचं लग्न त्याच उन्हाळ्यात दुसरीकडे झालं.

मी जिंकलो होतो. लोक दुकानात येऊन पाठ थोपटत होते. खरं सांगतो, मला दोन-चार दिवस फार बरं वाटलं. त्यानंतर जीवनलाल बाकावर येऊन बसला, पूर्वीसारखाच, आणि मी त्याला विचारलं नाही की टिकेशचं पत्र आलं का. येत नव्हतं, हे मला माहीत होतं. टपाल माझ्याकडेच यायचं ना.

दोन वर्षांनी टिकेशने तिकडेच रविता नावाच्या मुलीशी कोर्टात लग्न केलं. मुलगी झाली, चंदा. बापाला कळवलं नाही, मला फोन केला. मी भिंतीपलीकडे जाऊन सांगितलं. रामकली दाराआड रडली. जीवनलाल म्हणाला, "चंदा. बरं नाव ठेवलं."

२०१५ साली म्हातारा भाट गेल्याची बातमी आली आणि मागोमाग त्याचा मुलगा आला, मोटारसायकलवर, पोथी प्लॅस्टिकच्या पिशवीत. गावात शिरतानाच त्याचं चाक बसलं म्हणून तो थेट माझ्या दुकानात. मी ट्यूब काढली आणि म्हटलं, बसल्या बसल्या आमच्या विक्कीचं नाव चढव, माझा नातू आहे. त्याने पोथी उघडली. तरुण माणूस, बापासारखं कोणतं पान उलटायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. तो सरळ वाचत गेला.

"सुकराम के घर बकाराम. पालित. जनक बोदलकसा तालाब का ढीवर, नाम अज्ञात. मानमोडी के साल माँ-बाप दोनों गुजरे. सुकराम ने दो बरस का बालक उठाया, कुल का नाम दिया. छह साल बाद सुकराम का अपना पुत्र हुआ, बिसराम."

ट्यूब माझ्या हातात पाण्याखाली होती. मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच.

मानमोडीची तापाची साथ म्हणजे १९१८. माझा बाप, बकाराम हरिणखेडे, मासे धरणाऱ्या ढिवराचं लेकरू होतं. म्हणजे आजाचं रक्त मी नव्हतोच. आजाचं रक्त फक्त जीवनलाल होता, आणि मी, भर अंगणात, कुळाच्या नावाने ओरडून त्याच्या पोराचं नाव अडवलं होतं.

"तुम्हारे पिताजी ने उस साल ये क्यों नहीं पढ़ा?" मी विचारलं.

भाटाचा मुलगा सहज म्हणाला, "पिताजी बताते थे, घरवालों के कहने से ये पन्ना सभा में कभी नहीं खोला. सभा के एक दिन पहले जीवनलालजी ने ये पन्ना सुना, फिर हाथ जोड़े. बोले, कल भी ये पन्ना मत खोलना."

मी त्याचं पंक्चर काढलं की नाही, आठवत नाही. तीन दिवस दुकान बंद ठेवलं. बापाचा चेहरा आठवत बसलो. बोदलकशाकडचे ढिवर माझ्याकडे सायकली घेऊन यायचे, त्यांना मी कधी बाकावर बसा म्हटलं नव्हतं, तेही आठवलं. लाज वाटली. आणि लाजेच्या वर माझा जन्माचा रोग, संशय. हा माणूस सात वर्षं हत्यार खिशात ठेवून माझ्या बाकावर बसला होता. काऊन? त्याला यातून काय मिळवायचं होतं? कधी बाहेर काढणार होता?

चौथ्या दिवशी सकाळी मी भिंतीपलीकडे गेलो. जीवनलाल सपरीत लाखोळीची डाळ निवडत होता.

"तुले मालूम होतं?"

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. "हव. बापानं मरतानी सांगतलं होतं. भाटाले इचारून पक्कं केलं."

"मंग बोलला काऊन नाई? एका वाक्यात माहं तोंड बंद झालं असतं. म्हनला असता का याचाच बाप पाहा. टिकेशचं लगन झालं असतं रे!"

"झालं असतं," तो म्हणाला. "मंग तू बसला असता कोठं, दादा?"

"पुन्य भेटते म्हून केलं? पुस्तकात लिवलं हाये म्हून?"

"पुन्य कायचं?" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "मले राग आला होता तुहा. जिभेवर आलं होतं. आजबी कधी कधी वाटते बोलाले पायजे होतं. माहा पोरगा माह्याशी बोलत नाई, नातीले मी पाह्यलं नाई. पन तू त्या दिवशी म्हनून राहिला होता का दुसऱ्याचं पोरगं कुळात बसवलं तं फसवणूक होते. माह्या आजानं फसवणूक नव्हती केली. मी ते कसं सिद्ध करू, तुलेच भर अंगणात उभा करून?"

या वेळी मीच म्हणालो, "मले नाई मालूम," आणि घरी आलो.

भाटाच्या मुलाला मी आणखी चार दिवस थांबवून घेतलं. टिकेशला फोन केला. म्हटलं, तुझ्या बापाला जे उत्तर देता आलं नव्हतं ते मी देतो, बायको-पोरीला घेऊन ये. केवळरामला स्वतः दवनीवाड्याला जाऊन बोलावलं. त्याला वाटलं, पुन्हा जीवनलालची उलटतपासणी आहे. तो खुशीत आला.

पुन्हा तेच अंगण, तीच माणसं, काही म्हातारी, काही गेलेली. टिकेश खांबाजवळ, शेजारी रविता, कडेवर चंदा. जीवनलाल मला हाताने खुणावत होता, नको, नको. मी भाटाला म्हटलं, "पहिले माह्या बापाचं पान वाच. मोठ्यानं."

त्याने वाचलं. बोदलकसा, ढिवर, मानमोडी, पालित, सगळं. कोणी हसलं नाही. टिकेशने वळून बापाकडे पाहिलं. मी उभा राहिलो.

"सात वर्षांपहिले मी या अंगणात इचारलं होतं, ज्याचं रक्त नाई त्याचं नाव वंशात राहते का," मी म्हटलं. "त्या पुस्तकावर माहा आजबी इस्वास नाई. पन याचं उत्तर याच्याजवळ तवाच होतं, अन् यानं माह्यासाठी गिळलं. आता तुमी सांगा. राहत नसन, तं पहिले माहं नाव काढा. राहत असन, तं टिकेशचं लिवा."

केवळरामने पोथीकडे पाहिलं. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. मला कळत होतं ते काय मोजतायत. मी हरिणखेडे नाही, तर मी कोणाचा दादा, कोणाचा काका? माझ्या बाजूला बसलेला माणूस थोडा सरकला, किंवा मला तसं वाटलं.

तेवढ्यात रामकली पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली. डोक्यावरचा पदर मागे सरकला होता, तोंड उघडं. सगळे तिच्याकडेच बघत होते, मीही. ढिवराच्या नातवापुढे पदर घ्यायचं तिला आता काय कारण? मी मान खाली घातली.

तिने गडवा खाली ठेवला, दोन्ही हातांनी पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "विचारा, भासरे चहा घेतात का."

केवळराम भाटाला म्हणाला, "लिवा जी." भाटाने टिकेशच्या नावासाठी पेन काढला. टिकेश चंदाला घेऊन जीवनलालजवळ गेला आणि तिला त्याच्या मांडीवर ठेवलं. भिंत अजून उत्तराची वाट पाहत होती.

"घेतो म्हना," मी म्हटलं.